चिमणीचा पाय

इनामीत बर्फ साचलं की
मोगरीचे ठोके गल्लीभर हिंडत नाहीत,
ज्याचा त्याच्या घरात राहतो.
तेव्हा मी नेमकं ओळखते, हा आमच्या मिझोगुचींचा :
दोन ठक्, एक थांबा,
मग बराच वेळ काहीच नाही.

ओयाकाता म्हणायचं त्यांना.
म्हणजे धनी, म्हणजे बाप,
म्हणजे खरं तर दोन्ही नाही.

पहिलं वर्ष मी लाकडाला हात लावला नाही.
दगड भिजवायचे, दोनशे अकरा हत्यारं निसायची,
भात टाकायचा, कपच्या झाडायच्या.
कापराच्या झाडाच्या त्या कपच्या :
माझ्या स्वेटरांना आजवर कसर लागलेली नाही.
‘धार अंगठ्यावर बघू नको. नखावर टेकव.
घसरली तर परत दगडाकडे.’
एवढंच सांगून शिकवलं. बाकी डोळ्यांनी चोरायचं.

दोन खोल्यांमधल्या सरकत्या दारांवर,
पार छताखाली, बसते ती रानमा.
चार बोटं जाडीची फळी, आरपार कोरलेली.
अलीकडे पाहुणे चहा पितात,
पलीकडे कुणी आजारी पडून वर बघत असतं;
फुलाला पाठ फिरवायची सोय नाही.

आता घरं बांधतात त्यांत तेवढी जागाच सोडत नाहीत.
गेल्या वर्षी आम्ही एक रानमा कोरली
आणि सतरा मांजरं, पर्यटकांसाठी.
मांजरंसुद्धा त्यांनी मिशांच्या मुळापर्यंत कोरली.

फेब्रुवारीत हिमीहून एक पोरगा आला, छोटा ट्रक घेऊन.
समुद्राकाठचं घर पाडतायत म्हणाला,
हे कुणी घेतं का?
गोधडीत गुंडाळलेला बांबू, त्यावर चिमण्या,
पन्नास वर्षांच्या मासळीच्या धुरानं काळ्या.
ओयाकातांनी ओला फडका फिरवला.
एका पानामागे बोट घातलं
आणि तसेच उभे राहिले,
उकळत्या किटलीकडे कुणाचं लक्ष नाही.

मग बोलले, माझ्याशी की फळीशी कोण जाणे.
बाविसाव्या वर्षी, रात्री, थोरले तोगावा झोपल्यावर
या चिमणीचा पाय माझ्या हातून तुटला.
भाताच्या खळीनं चिकटवला.
पुढ्यात अजून लाकूड शिल्लक होतं,
त्यातून एक पान काढलं, आराखड्यात नसलेलं.
पान एवढं मोठं झालं की अख्खी चिमणी झाकली.
रानमा बसवताना तोगावा शिडीखाली थांबले.
‘पान बरं आलंय,’ म्हणाले.
त्यांना कळलं होतं का, ते मला
त्यांच्या तिरडीला खांदा देतानाही विचारता आलं नाही.

पोरगा मध्येच म्हणाला, हात्तिच्या!
म्हणजे माझी बहीण खरं बोलत होती!
अंथरुणात पडून आम्ही चिमण्या मोजायचो.
माझ्या आठ भरायच्या, तिच्या नऊ.
एकदा तर मी तिला चावलो होतो.
ती पलीकडच्या खोलीत झोपायची.

ओयाकाता हसले नाहीत.
पैसे मोजून दिले, मागितल्यापेक्षा जरा जास्त,
आणि बहिणीचं नाव विचारलं.
साकिए. ओसाकाला असते, दातांच्या दवाखान्यात.

रानमा आता हत्यारांच्या खोलीत टांगली आहे,
मधोमध, दोन्हीकडून मोकळी.
मला वाटलं ते पान छिलून काढतील,
सगळ्यात बारीक पटाशी त्यांनी हातात घेतलीही होती.
नखावर टेकवली. घसरली नाही.
परत जागेवर ठेवली.

पहाटे बर्फ ओढायला उठले तर आत दिवा.
म्हातारा स्टुलावर बसून, मान वर,
ओठ हलवत मोजतोय.
मग गुडघ्यावर हात टेकून उठला,
स्टूल उचललं
आणि पलीकडच्या बाजूला गेला.

मी फावडं आवाज न करता भिंतीला लावलं.